अंबुबाईची हूल

वरच्या गवळ गल्लीत खोटं बोलणाऱ्यांचा कधी तुटवडा नव्हता. दुधात आडाचं पाणी ओतून वर देवाची आण घेणारे होते, भाकड म्हैस गाभण म्हणून लांबच्या बाजारात खपवणारे होते. अशा गल्लीत अंबुबाई राहत होती आणि खरं बोलत होती. ते काही व्रतबीत नव्हतं हो! तिला दुसरं जमतच नव्हतं. बेळगावच्या कॅम्पात तेव्हा गोऱ्यांची पलटण होती. साहेबांचे बटलर प्रत्येक गवळ्याच्या दुधात काचेची नळी बुडवून बघायचे, पण अंबुबाईची चरवी आली की नळी मुकाट्यानं खिशात जायची. "आज म्हस जरा बिघडलिया, दूध पातळ हाय, न्यायचं तर न्या," असं ती आपण होऊन सांगायची. असल्या बाईला कोण तपासणार?

पत्ते खेळतानाही तिचं तेच. दिवाळीत घराघरांत घोंगडं पसरून चिंचोक्यांवर तीन पानी चालायचं, आणि त्या खेळात सगळी मजा लपवण्यात असते. तीन पानं हातात येतात. तिन्ही सारखी आली तर सगळ्यांत भारी, मग ओळीनं लागलेली, मग एका रंगाची, मग जोडी. यातलं काहीच नसलं तर कुणाचं पान मोठं ते बघायचं. पण जिंकायला भारी पानंच लागतात असं नाही. हातात कचरा असताना तोऱ्यात चढवत न्यायचं आणि समोरच्याला घाबरवून पानं टाकायला लावायची, याला हूल म्हणतात, आणि खेळणारे म्हणतात खरा खेळ तोच.

अंबुबाईनं जन्मात कधी हूल दिली नव्हती. वाईट पानं आली की ती सरळ उताणी टाकायची आणि म्हणायची, "बघा, काय बी न्हाय." चांगली आली की तर कहरच! "माझं चांगलं हाय हो, टाका पानं," असं समोरच्याला आधीच सांगून मोकळी व्हायची. लोक पानं टाकायचे आणि हसून बेजार व्हायचे. शेजारची मालुबाई कपाळावर हात मारून घ्यायची. "अगं आक्का, ह्यो काय खेळ म्हणायचा व्हय? ही तर दवंडी झाली दवंडी!"

आणि अशा या बाईवर स्वतःची म्हैस पत्त्यांवर लावायची पाळी आली. आणली कुणी? सख्ख्या दिरानं.

हा आण्णाप्पा. अंबुबाईचा नवरा भरमू, त्याचा धाकटा भाऊ. उंचापुरा गडी, पीळदार मिशा, डोक्याला तांबडा पटका, आणि तोंड असं की सकाळी बोलायला लागला तर दुपारपर्यंत ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. गल्लीत तीन पानी खेळावं तर आण्णाप्पानंच. हूल देण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. दुर्री-तिर्रीवर तो राजा-राणीच्या ऐटीत बसायचा, आणि समोरचा बिचारा चांगली पानं टाकून उठायचा.

भरमू वारला तेव्हा घराची वाटणी झाली. म्हशी वाटल्या गेल्या, दावी, घागरी, चरव्या वाटल्या गेल्या, आणि शेवटी गोठ्यात एक रेडकू उरलं. त्याची आई रोगानं गेली होती. त्याला मानसुद्धा उचलता येत नव्हती. आण्णाप्पा गोठ्याच्या दारात उभा राहून म्हणाला होता, "वैनी, हे मरतंय. तूच ने." ऐकायला तिथं तिसरं माणूस नव्हतं. अंबुबाईनं ते पोतेऱ्यात गुंडाळून चुलीपुढं आणलं, बोट दुधात बुडवून त्याला चाटवलं, शेक दिला, आणि मरणाऱ्या जिवाला दटावून दटावून जगवलं. तीच ही भिंगरी. पहिलारू व्याली आणि अशी दुधाला आली, की चरवी कमी पडायला लागली. अंबुबाईच्या बाकीच्या दोन म्हशी आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. कॅम्पाचा रतीब, चूल, सगळं भिंगरीच्या जिवावर होतं. भिंगरी गेली असती तर अंबुबाईला दिराच्याच गोठ्यात शेण काढायला उभं राहावं लागलं असतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं आणि दिरालाही.

तर धनतेरसेच्या दिवशी आण्णाप्पा पंचांपुढं उभा राहिला आणि म्हणाला, "ते रेडकू म्या वैनीला राखायला दिलतं. दान दिलं न्हवतं. आता माझी म्हस मला द्या."

मेल्यानं दिवस कसा निवडला बघा! एरवी असा तंटा निघाला तर गल्लीत दुधावर हात ठेवून शपथ घ्यायची रीत होती. अंबुबाईनं शपथ घेतली असती आणि गोष्ट तिथंच मिटली असती. पण दिवाळीच्या दिवसांत दुधावर शपथ घ्यायची नाही, अशीही रीत होती. तंटा पुढं ढकलावा म्हटलं तर तेही जमायचं नाही, कारण पाडव्याला साऱ्या गल्लीच्या म्हशी धुऊन, शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांच्या माळा आणि कपाळावर मोराची पिसं बांधून मिरवायच्या असतात, आणि त्या मिरवणुकीत भांडण घेऊन चालायचं नसतं. मग जे तोंडानं मिटत नाही ते पाडव्याच्या आदल्या दिवशी घोंगड्यावर मिटवायचं. दोघांनी आपापल्या म्हशीच्या गळ्यातली कवड्यांची माळ सोडायची आणि त्या कवड्यांवर तीन पानी खेळायचं. ज्याच्या कवड्या संपल्या तो हरला. त्यावर पुन्हा कुणी तोंड उघडायचं नाही. आण्णाप्पानं हे सगळं आधीच जोखून ठेवलं होतं.

पंचांत थोर होते रवळूआप्पा. त्यांनी अंबुबाईकडं बघून विचारलं, "सूनबाई, तुझ्या वतीनं भाऊ बसवतीस का कोण?"

"माझी म्हस हाय. मीच बसते," अंबुबाई म्हणाली.

आण्णाप्पा मिशीतल्या मिशीत हसला.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी रवळूआप्पांच्या अंगणात घोंगडं पडलं. दुपारच्या भाकरी उरकून सारी गल्ली जमली. भिंगरी खांबाला बांधली होती. शिंगांना हुरमुजाचा ओला तांबडा रंग लावलेला, आणि गळा मोकळा, कारण तिची माळ आता अंबुबाईच्या पदरात होती. दोन्ही माळा रवळूआप्पांनी सारख्या आहेत का ते ताणून बघितलं आणि दोरा तोडून कवड्यांचे दोन ढीग केले. पानं पिसायची आणि वाटायची तीही त्यांनीच, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा नको. संध्याकाळच्या धारेच्या आत खेळ संपवायचा असं ठरलं.

खेळ सुरू झाला आणि अंबुबाई आपल्या नेहमीच्या सरळ वाटेनं चालली. वाईट पानं, उताणी टाकली. परत वाईट, परत उताणी. एकदा तीन बदाम आले, तर बाई बोललीच, "भावजी, माझं चांगलं हाय." आण्णाप्पानं हसत पानं फेकली. तिला मिळाली फक्त डाव सुरू होताना त्यानं टाकलेली एक कवडी. लोक हसले. मालुबाई तोंडातल्या तोंडात कुणाला तरी शिव्या देत होती, त्या दिराला की मैत्रिणीला ते देवाला ठाऊक.

आणि आण्णाप्पा? तो काय विचारता! "ह्यो घ्या आण्णाप्पाचा हात! हाय का कुणाची छाती?" असं ओरडत तो कवड्या पुढं सारायचा, अंबुबाई आपली पानं टाकायची, आणि तो जिंकलेल्या कवड्या खुळखुळवत लोकांकडं बघायचा. असं करत करत तिचा ढीग झिजायला लागला. थोड्या वेळानं तर तो निम्म्याच्या थोडासाच वर उरला.

आता अंबुबाई भ्याली. पण ती भ्यालेली असली तरी खुळी नव्हती, आणि लोकांची चूक होत होती ती इथंच. खरं बोलणारं माणूस म्हणजे भोळं माणूस, असं सगळे धरून चालले होते. या घरात ती नवरी होऊन आली तेव्हा आण्णाप्पाला मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं. त्याला किती वर्षं जेवू घातलं होतं तिनं! लाथ मारायच्या आधी म्हैस कान कशी हलवते हे जिला कळतं, तिला दिराचं तोंड वाचायला कितीसा वेळ लागणार?

ती पहिल्या डावापासून त्याच्याकडंच बघत होती. आण्णाप्पाच्या हातात कचरा असला की तो ओरडायचा. फार भारी काही आलं की त्याचा आवाज एकदम खाली यायचा, "बसा की वैनी, घाई काय हाय," असं मऊ मऊ बोलायचा. आणि मधलंच काहीतरी आलं, ना टाकवत ना पेलवत असं, की मग तो बोलायचा कमी आणि समोरच्या कवड्यांच्या लहान लहान राशी करत बसायचा, मोडायचा, परत करायचा.

एक गोष्ट तिला आता लख्ख दिसली होती. अशानं ती हरणार. सरळ खेळून या माणसाशी जिंकता येणार नव्हतं, कारण तिच्याजवळ काही नाही हे तीच सांगत होती आणि काही आहे हेही तीच सांगत होती. मग उरली काय ती हूल. आणि हूल द्यायची म्हणजे नुसत्या कवड्या सारून भागत नव्हतं. "माझं चांगलं हाय" हे तिचं ठरलेलं वाक्य तिला खोटं बोलावं लागणार होतं. ते न बोलता कवड्या सारल्या असत्या तर आण्णाप्पाला लगेच वास आला असता.

तोंडानं खोटं! जन्मात कधी बोलली नव्हती ती. पण ती खांबाकडं बघायची, आणि तिला गोठ्याच्या दारात उभा राहिलेला आण्णाप्पा आठवायचा. "हे मरतंय. तूच ने." असं तोंडानं बोलून परत पंचांपुढं तोंड वर करून उभा राहिला हा! तिचा संताप संताप झाला. बोलीन, ती मनाशी म्हणाली. एकदा बोलीन. पण कधी?

आणि इथं या बाईची खरी अक्कल बघा. दुसरं कुणी असतं तर चिडून पुढच्याच डावाला हूल ठोकून मोकळं झालं असतं. अंबुबाई थांबली. आण्णाप्पा ओरडत होता तेव्हा ती थांबली, कारण त्याच्याकडं कचराच होता. त्यानं हसत पानं टाकली असती आणि जन्माचं साठवलेलं खरं चार कवड्यांवर उधळलं गेलं असतं. तो मऊ बोलायला लागला तेव्हाही ती थांबली, कारण भारी पानं हातात असलेला माणूस देवाला भीत नाही, तो वहिनीला काय भिणार? तिला हवा होता मधला डाव. त्याच्याकडं काहीतरी असावं, त्याच्या भरवशावर त्यानं पुष्कळ कवड्या घालाव्यात, आणि तरी त्याला धाकधूक असावी.

तसा डाव आला. रवळूआप्पांनी पानं वाटली. आण्णाप्पानं आपली बघितली आणि ओरडला नाही, मऊही बोलला नाही. त्यानं कवड्यांची एक रास पुढं ढकलली. अंबुबाईनं तिची पानं उचलली. किलवरची दुर्री, चौकटची पंजी, इस्पिकची नव्वी. नुसता कचरा. उताणी टाकायला हात आपोआप वळला होता, तो तिनं आवरला आणि कवड्या घातल्या. आण्णाप्पानं तिच्याकडं बघितलं, आणखी एक रास घातली. तिनंही घातली. मधला ढीग वाढत गेला. आता त्याची बोटं उरलेल्या कवड्यांच्या राशी करायला लागली, मोडायला लागली.

अंबुबाईनं पदरातली शेवटची ओंजळ घोंगड्यावर रिकामी केली.  ही ओंजळ गेली की भिंगरी गेली, हे लहानथोर सगळ्यांना कळत होतं. आणि मग ती रोजच्या आवाजात, कॅम्पात बटलरशी बोलते त्याच आवाजात म्हणाली, "भावजी, टाका पानं. माझं चांगलं हाय."

  डोळे तिनं खाली घातले नाहीत, कारण खरं बोलताना ती कधी डोळे खाली घालत नसे.

आण्णाप्पा तिच्याकडं बघत राहिला. त्याच्या हातात राण्यांची जोडी होती. काही हलकी पानं नव्हती ती. दुसरा कुणी समोर असता तर त्यानं तिथंच पानं उघडायला लावली असती. पण समोर अंबुवैनी होती. जिच्या चरवीत कुणी नळी घालत नव्हतं ती. ती म्हणते चांगलं आहे, म्हणजे आहे. आजवर एकदाही नव्हतं असं झालेलं नव्हतं.

"छ्या!" तो म्हणाला आणि त्यानं राण्या फेकल्या. "घे. तुझ्याशी खेळण्यात काय राम न्हाय बघ. सगळं सांगूनच खेळतीस."

लोकांनी श्वास सोडला. मालुबाईनं तर टाळीच वाजवली. तो भलाथोरला ढीग आता अंबुबाईचा होता, आणि आता तिच्या कवड्या आण्णाप्पाच्या कवड्यांहून जास्त झाल्या होत्या. तिची तीन पानं तिच्या हातात अजून पालथीच होती. जिंकणाऱ्यानं पानं दाखवायची गरज नसते. गड्डीत सारून टाकली असती तर कुणाला कधी कळलंही नसतं. तिचं नाव जसंच्या तसं राहिलं असतं.

एक क्षणभर ती त्या पानांकडं बघत बसली. लपवली तर आण्णाप्पाचा तिच्यावरचा विश्वास तसाच राहणार होता. म्हणजे पुढं चांगली पानं आली, की परत ती खरं सांगणार आणि परत तो पानं टाकणार, आणि धारेपर्यंत दोघं कवडी कवडी करत बसणार. परत हूल द्यायची तर तिच्यात दुसऱ्यांदा खोटं बोलायचं बळ नव्हतं. पण दाखवली तर? दाखवली तर हा माणूस काय समजेल, हे तिला त्याच्या जन्मदात्या आईपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

तिनं पानं उताणी टाकली. दुर्री, पंजी, नव्वी.

असा गलका झाला म्हणता! "अंबूआक्का खोटं बोलली!" मालुबाईचा हात तोंडावर गेला तो तिथंच राहिला. रवळूआप्पांनी चष्मा काढून पुसला आणि परत पानं बघितली. आण्णाप्पाचं तोंड उघडं पडलं, मग लालबुंद झालं, आणि मग तो मांडीवर थाप मारून मोठमोठ्यानं हसायला लागला.

"वा गं वा वैनी! एवढी वर्षं देवाची सून म्हणून मिरवलीस आणि आतनं ही अशी व्हय? बघा रं, बघून ठेवा! सगळी एकाच पाण्यानं धुतलेली हाईत!"

ते बोलणं तिला लागलं. फार लागलं. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पदरानं टिपलं, आणि रवळूआप्पांना म्हणाली, "वाटा, आप्पा."

नंतरचे डाव आण्णाप्पानं ज्या खुशीत खेळले ती बघण्यासारखी होती. अंबुबाई परत आपल्या वाटेला लागली होती. वाईट पानं, उताणी. वाईट पानं, उताणी. "आता कशाला दाखवतीस? तुझी पानं मला ठावं झाली," तो म्हणायचा. राण्या फेकल्याचं शल्य त्याला आतून खात होतं, हे तिला दिसत होतं. एवढ्या गल्लीसमोर, ज्याच्या हुलीपुढं पैलवान गडी पानं टाकत, त्याला एका बाईनं दुर्री-पंजीवर उठवलं होतं! परत असं होऊ द्यायचं नाही, यापलीकडं त्याच्या डोक्यात आता काही उरलं नव्हतं. कुणाच्या हातात काय पान असेल याचा विचार तो करतच नव्हता. तो फक्त तिच्या पुढच्या खोट्याची वाट बघत होता.

उन्हं भिंतीवर चढली. गोठ्यांतून म्हशी हंबरायला लागल्या. भिंगरीनंही दाव्याला हिसका दिला. रवळूआप्पा म्हणाले, "धारेची वेळ आली. आता लवकर काय ते उरका."

पानं वाटली गेली. अंबुबाईनं उचलून बघितली. दोन अठ्ठ्या आणि एक गुलाम. अठ्ठ्यांची जोडी, बस्स. तीन पानीत हिला कुणी मोठी पानं म्हणणार नाही. तिनं आण्णाप्पाकडं बघितलं. तो राशी करत होता. म्हणजे त्याच्याकडंही मधलंच काहीतरी होतं, एखादी जोडी. पण कसली? हे मात्र तिला त्याच्या तोंडावर वाचता येत नव्हतं. गुलामाची असेल, दश्शीची असेल, तर संपलं. तिला वाटलं, अजून थांबावं. मग वाटलं, आता तो आंधळा झालाय तेवढ्यातच उरकावं. एकदोन डाव गेले की शहाणा होईल, आणि धारेची वेळ तर झालीच.

तिनं त्याच्यासमोर उरल्या होत्या तेवढ्या कवड्या आपल्या ढिगातून मोजून बाजूला काढल्या आणि एकदम पुढं सारल्या.

"भावजी," ती म्हणाली, "टाका पानं. माझं चांगलं हाय."

आण्णाप्पा गडगडून हसला. "ऐकलं का रं? परत तेच! अगं वैनी, एकदा फसलो, म्हणून काय सारखा फसतोय व्हय?"

"खरं सांगते, टाका."

"डोळ्याला डोळा भिडवून सांगतीस! तवा बी अशीच सांगितलीस."

"तवा खोटं सांगितलं. आता खरं सांगते. तुमचं नुकसान व्हईल, टाका भावजी."

रवळूआप्पांनी आण्णाप्पाकडं बघितलं. म्हाताऱ्याच्या कपाळाला आठी पडली होती. "आण्णाप्पा, इचार कर," ते म्हणाले. पण आण्णाप्पाला आता कुणाचं ऐकू येत नव्हतं. त्यानं दोन्ही हातांनी होत्या नव्हत्या त्या सगळ्या कवड्या मध्ये लोटल्या. एक घरंगळत घोंगड्याबाहेर गेली, तीसुद्धा त्यानं उचलून आणून आत टाकली.

"उघड!"

अंबुबाईनं एकेक पान खाली ठेवलं. गुलाम. अठ्ठी. अठ्ठी.

आण्णाप्पाचे हात तसेच हवेत राहिले. मग सावकाश त्यानं आपली पानं टाकली. सत्त्यांची जोडी होती, वर राजा.

मालुबाई किंचाळली तशी सगळ्या अंगणाला कंठ फुटला. लोक हसत होते, एकमेकांच्या पाठीत गुद्दे मारत होते. गल्लीतल्या पट्टीच्या खेळणाऱ्यांनी माना डोलावल्या. असला डाव त्यांनी बघितला नव्हता. अठ्ठ्यांच्या जोडीवर माळ जिंकायची, तीही "माझं चांगलं हाय" असं बजावून सांगून! एक म्हातारा गवळी तर उठून अंबुबाईच्या पायाशी वाकायला निघाला, त्याला दोघांनी धरून बसवलं.

आण्णाप्पा पानांकडंच बघत होता. त्याला बाकीचं काही दिसत नव्हतं. "पण तू तर..." तो म्हणाला. "वैनी, तू तर खोटं बोलाय लागली होतीस न्हवं?"

"एकदा बोलले," अंबुबाई म्हणाली.  सगळा वेळ दाबून धरलेलं रडू वर यायला लागलं होतं. "एकदाच बोलले, भावजी. तुमास्नी वाटलं, एकदा बोलली म्हंजी आता सदाच बोलणार. तसं तुमचं हुतंय. माझं न्हाय हुत."

 आण्णाप्पानं पटका काढून मांडीवर ठेवला.  त्यानं एकदा खांबाला बांधलेल्या म्हशीकडं बघितलं, एकदा भावजयीकडं बघितलं, आणि मग रवळूआप्पांकडं तोंड करून कुणी न विचारताच बोलला.

"आप्पा, ते रेडकू म्या राखायला दिलं न्हवतं. मरतंय, तूच ने, असं बोललो होतो म्या. गोठ्याच्या दारात."

 हरलेला माणूस सहानुभूती मिळवायला काय वाटेल ते बोलतो, आणि आण्णाप्पा तर हुलीचा बादशहा! लोक एकमेकांकडं बघायला लागले. मागून कुणीतरी म्हणालंच, "आता ही आणि कसली हूल म्हणायची?"

आण्णाप्पानं मान खाली घातली. आपल्या तोंडच्या खऱ्याला गल्लीत कवडीची किंमत नाही, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

अंबुबाई उठली. तिनं भिंगरीचं दावं सोडलं, हाताला गुंडाळलं आणि त्या मागच्या माणसाकडं वळून म्हणाली, "हूल न्हाय ती. भावजी खरं बोलाय लागल्यात."

 अंबूआक्का म्हणते तर खरंच असणार, असं म्हणत मंडळी उठली आणि धारेला आपापल्या गोठ्याकडं गेली.